वाशीचा पगार

भिमाबाईचा वेगळा काढलेला असा फोटोच नव्हता. एका दसऱ्याला ती रखमाला घेऊन नागपूरला गेली होती, तेव्हा दोघींनी मिळून काढलेल्या फोटोतून तिला कापून मोठं करून घेतलं होतं. त्यामुळे तिच्या डाव्या खांद्यावर लेकीचा हात तेवढा राहून गेला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खालच्या टेबलावर तो फोटो ठेवला होता, आणि येणारा जाणारा फूल वाहताना त्या हाताकडे एकदा बघून घेत होता.

अंत्यविधी आणि जलदान गावीच झालं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मात्र वाशीला ठेवावा असं रावसाहेबमामांनी ठरवलं. भिमाबाईचे हे धाकटे भाऊ पावण्याच्या एका कारखान्यावर वॉचमन होते. सगळी माणसं आता इकडंच आहेत, तुर्भ्यात, पावण्यात, चेंबूरला. गावी जाणार कोण, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भिमाबाईचा थोरला मुलगा सिताराम गावाहून वाशीला घरी परतताना रखमालाही बरोबर घेऊन आला. दोन इमारतींच्या मधल्या जागेत कापडाचा मांडव घातला होता. खाडीकडून वारा आला की ते कापड फुगायचं आणि बांबू करकरायचे. मग सिताराम मान वर करून दोऱ्यांच्या गाठी बघायचा. बांधकामावरची सवय. काहीही उभं केलेलं दिसलं की ते पडेल का, हे तो आधी बघायचा.

बया, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. गावाहून आल्यापासून तो दोन घासांच्या वर जेवला नव्हता. तार आली तेव्हा तो स्लॅबवर होता. एकदा सुरू केलेला स्लॅब अर्ध्यावर सोडता येत नाही, पण त्या दिवशी तो सोडून आला, पायांवर सिमेंट तसंच. तरी गाव गाठेपर्यंत सगळं उरकलं होतं. माणसं नदीवरून परत येताना त्याला वाटेतच भेटली.

भन्तेजींचं त्रिसरण, पंचशील झालं आणि आदरांजलीची भाषणं सुरू झाली. मामा बोलले, तुर्भ्याचे एक शेजारी बोलले. मग किसन उठला.

किसन सितारामचा धाकटा भाऊ. बारावीपासून तो वाशीच्या याच घरात राहून शिकला, बी.ए. झाला, वरळीला सरकारी कचेरीत कारकून झाला. बोलायला तो चांगला. सुरुवातीला त्याने माय मोलमजुरी करून तिघा भावंडांना कशी वाढवत होती ते सांगितलं, आणि मांडवातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग त्याचा आवाज बदलला.

"माझ्या मायला शेवटी औषध मिळालं. दूध मिळालं. डॉक्टर मिळाला. तिचा थोरला मुलगा तेवढा मिळाला नाही. दोन वर्षं ती अंथरुणावर होती. कंपनीचं काम नांदेडला निघालं होतं, दादाला तिकडं जायला सांगत होते. दादा गेला नाही, कारण वाशीचा पगार मोठा. मोठा असेल. पण मायच्या उशाशी बसायला पगार येत नाही."

माणसांनी सितारामकडे बघितलं, आणि मग न बघितल्यासारखं केलं. मामांनी हळूच मान हलवली. ती किसनच्या बाजूने हलली, हे बयाला खिडकीतूनही कळलं. सिताराम चटईच्या काडीकडे बघत बसून राहिला.

बयाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिला ते दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवत होते, आणि किसनने ते इतक्या सहज विसरावेत याचा तिला संताप येत होता.

कंपनीच्या हिशेबात महाराष्ट्राचे तीन तुकडे होते. मुंबई आणि खाडीअलीकडचं हे नवं शहर एकात, पुणे-नाशिक दुसऱ्यात, आणि मराठवाडा तिसऱ्यात. सुपरवायझरचं काम तेच, उभं राहायचं ऊन तेच, पण वाशीला ज्याला साडेनऊशे मिळायचे त्याला नांदेडला साडेपाचशे. सिताराम खाडीपुलाच्या कामावर बिगारी म्हणून आला, मुकादम झाला, मग सुपरवायझर. त्याला पगारातला हा फरक पहिल्यांदा कळला तेव्हा तो हसून म्हणाला होता, की सळई इथं नि तिथं सारख्याच वजनाची भरते, माणूस तेवढा तिकडं हलका होतो.

मायला अर्धांगवायूचा झटका आला त्याच सुमाराला नांदेडजवळ सूतगिरणीचं काम निघालं. गावापासून सायकलच्या अंतरावर. साहेबाने आपण होऊन विचारलं. सिताराम जायलाच निघाला होता, पण घरच्यांना विचारल्याशिवाय नको म्हणून याच खोलीत सगळ्यांना बोलावलं. मामा म्हणाले, इथून पैसा पाठवणं हीसुद्धा सेवाच आहे. किसन म्हणाला, दादा, माझं लग्न ठरतंय, सोसायटीत घर नोंदवलंय, अर्धे हप्ते तू भरणार म्हणूनच नोंदवलं. तो रडायच्या बेताला आला होता. आणि बया? सितारामने तिच्याकडे नुसतं बघितलं होतं, आणि सगळ्यांच्या आधी तीच बोलली होती. पोरीची शाळा मोडायची का, असं. चूक काहीच नव्हतं त्यात. मुलगी हुशार होती, गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं, आणि सगळ्या बरोबर गोष्टी मिळून सिताराम वाशीला राहिला. साहेबाला नाही म्हणून सांगितल्याच्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

रखमाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ती गावी मायजवळ होती. नवऱ्याने टाकून दिल्यापासून ती तिथंच होती, त्यामुळे ती तिथं असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आता तीच रखमा बायांच्या घोळक्यातून उठली. तिला भाषण करायला कुणी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या लुगड्याचा पदर सारखा करून ती फोटोच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"किसना, मायनं कुणाची वाट न्हाई पाहिली," ती म्हणाली. "तिनं कुणाचं नाव न्हाई घेतलं. दादाच्या पैशानं तिचं समदं झालं. तिचं काही राहिलेलं न्हाई. दादाला बोल लावू नगंस."

एवढंच बोलून ती परत जाऊन बसली. मांडवातली माणसं सैलावली. कुणीतरी सरणत्तय ही शेवटची गाथा म्हणायला सुरुवात केली, पंगती बसल्या, माणसं जेवली आणि दुपार कलायच्या आत बहुतेक आपापल्या घरी गेली. जाताना तुर्भ्याची एक म्हातारी सितारामच्या पाठीवरून हात फिरवून गेली. बयाला वाटलं, आता तरी तो चार घास खाईल. तो जेवलाही. पण त्याच्या जेवण्यात काहीतरी ठरवून टाकल्याचा झपाटा होता, आणि त्यामुळे तिला बरं वाटण्याऐवजी धास्तीच वाटली.

मागे घरची माणसं तेवढी उरली. मामा कॉटवर टेकले. किसन आणि त्याची बायको चारुलता दाराशी बसली. सहा महिन्यांची गरोदर असल्याने तिच्या पाठीशी उशी दिली होती. रखमा कुणाचं न ऐकता मागच्या मोरीत भांड्यांना बसली होती. सिताराम खुर्चीत न बसता भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "मी काल साहेबांशी बोललो."

सगळ्यांनी बघितलं.

"नांदेडच्या त्या गिरणीच्या मागं कामगारांच्या खोल्या बांधायच्यात. दीड-दोन वर्षांचं काम हाय. माणूस पायजेच त्यांना. मी जातो. गावात ऱ्हाईन, रखमाजवळ."

"पगार?" मामांनी विचारलं.

"तिकडचा."

मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. मग चारुलता खाली मान घालून किसनला हळूच काहीतरी म्हणाली, आणि किसन घसा साफ करून पुढे सरकला. आपण सकाळी जे बोललो ते दुःखात बोललो, असं तो म्हणाला. दादाने ते मनाला लावून घेऊ नये. माय असताना जाणं वेगळं होतं. आता ती नाही, तर एवढा पगार सोडून जाण्यात काय अर्थ आहे? शिवाय घराचा ताबा मिळायचा आहे, हप्ते थकले तर सोसायटीवाले नाव काढतील, आणि आता घरात बाळ येणार. हे सगळं तो वाईट मनाने बोलत नव्हता. त्याचा आवाज खरोखरच घाबरलेला होता.

मामांनी त्याचीच री ओढली. रखमाची काळजी असेल तर रखमालाच इकडं आणू, ते म्हणाले. चार घरची कामं मिळतील, पोटापुरतं होईल. मग जरा थांबून त्यांनी पोपटचा विषय काढला. पोपट त्यांचा मुलगा, मॅट्रिक होऊन घरी बसलेला. त्याला आपल्या साइटवर टाइमकीपर म्हणून लावतो असं सितारामने कबूल केलं होतं. सितारामच गेला तर पोपटला तिथं विचारणार कोण?

बया चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. सकाळी मांडवात मान हलवणारी हीच माणसं. सकाळी ज्या पगारापायी सिताराम उणा ठरला, तोच पगार आता त्याने सोडू नये म्हणून सगळे त्याला विनवत होते. काहीतरी बोलावं असं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात सितारामने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

तेव्हासारखंच. न बोलता, नुसतं.

आणि बयाच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती मुलीची दहावी. दुसरी आली खोलीचं भाडं. किसनचा राग आला होता खरा, पण तिचा स्वतःचा हिशेब किसनहून वेगळा नव्हता. जा, असं तिला म्हणवेना. जाऊ नका, असं म्हणायला जीभ रेटेना. मागच्या वेळी आपण किती पटकन बोललो, हे तिला लख्ख आठवलं.

"मला इचारू नका," ती म्हणाली. "वन्संना इचारा. त्यांच्या घरी राहायचं म्हणताय तुमी."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. सितारामच्यासुद्धा. त्याने मोरीकडे बघून हाक दिली, "अगं ए, जरा इकडं ये."

रखमा ओले हात लुगड्याला पुसत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. घर केवढंसं, मोरी ती कितीशी लांब असणार.

"येतो मी गावाकडं," सिताराम म्हणाला. "तुला सोबत होईल."

"तू येऊ नगंस," रखमा म्हणाली.

सितारामला वाटलं ती संकोचाने म्हणते आहे. पगाराची काळजी करू नकोस, भागेल आपलं, असं तो म्हणायला लागला. तिने त्याला बोलू दिलं नाही. पण तिचा आवाज चढला नाही. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि सरळ त्याच्याकडे बघत बोलायला लागली.

"सकाळी म्या खोटं बोलले. चार माणसांत मायच्या नावानं भांडण नगं, म्हणून बोलले. तिची वाचा गेली ती तुला ठावं हाय. समदी न्हाई गेली. एक शब्द राहिला व्हता. तुझं नाव."

सितारामची मान हळूहळू वर आली.

"पाणी पायजे असलं तर सिताराम. कूस बदलायची असली तर सिताराम. भूक लागली, थंडी वाजली, पाठ खाजली, तरी सिताराम. पहिल्यांदा मला वाटायचं तुलाच बोलावती. म्या सांगायची, माय, दादा येणार हाय, येईल आता. मंग कळलं, दुसरं काही तिला म्हणताच येत न्हाई. म्या तिच्या तोंडाकडं बघून वळखायची, आत्ताचं सिताराम पाण्याचं हाय का कुशीचं. एकदाबी चुकले न्हाई."

ती थांबली. चारुलता तोंडावर पदर धरून रडायला लागली होती. किसन जमिनीकडे बघत होता.

"दोन वरीस तिचं समदं म्या केलं, दादा. तू पैसे धाडलेस, ते खरं हाय. त्यानंच औषध आलं. पण दोन वरीस माझं नाव तिनं एकदा घेतलं न्हाई. शेवटच्या दिवशी तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं, अन् तोंडात तू व्हतास. माझा तुझ्यावर राग न्हाई. तिच्यावरबी न्हाई, तिला बिचारीला काय कळत व्हतं. पण आता तू त्या घरात येऊन बसलास तर मला रोज ते ऐकू येईल. तवा आला असतास तर म्या तुझं पाय धरलं असतं. आता नगं. आता ते घर मला एकटीला ऱ्हाऊ दे."

मामा म्हणाले, "रखमा, असं बोलू नये, थोरला भाऊ आहे." ती मामांना म्हणाली की तिला इथंही आणू नका, तिला चार घरची भांडी घासायची नाहीत, गावात तिला शेतावर काम मिळतं, अंगणवाडीत खिचडी शिजवायलाही विचारलं आहे. मग ती उठली आणि राहिलेली भांडी घासायला परत मोरीत गेली.

त्या खोलीत आता भांडायला काही उरलं नव्हतं. सिताराम जाणार नाही, हे न बोलता ठरलं. किसनचे आखडलेले खांदे सैल झाले. मामांनी पाय कॉटवर घेतले. बयाने हे सगळं बघितलं आणि तिच्या स्वतःच्या छातीवरचंही ओझं उतरल्यासारखं झालं. मुलगी इथंच दहावी होईल. खोली सुटणार नाही. हे मनात आलं आणि पाठोपाठ अशी लाज वाटली की तिला तिथं उभं राहवेना. तिने वळून सितारामकडे बघितलं, तर तो तिच्याच चेहऱ्याकडे बघत होता. त्याने तो सुटकेचा भाव बघितला होता. किसनचा, मामांचा आणि तिचाही. तो हाताचा आधार घेऊन, म्हातारा माणूस उठतो तसा उठला, बाहेर गेला आणि मांडव सोडायला लागला. एकेक गाठ तो स्वतः सोडत होता. किसन मदतीला गेला तेव्हा त्याने किसनच्या हातात एका बांबूचं टोक दिलं. दोघांनी मिळून सगळे बांबू उतरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाला पनवेलच्या स्टँडवर सोडायला सिताराम आणि बया दोघं गेली. जाताना वाटेत तो साइटवर थांबला. बया आणि रखमा रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तिथून त्यांना दिसत होतं, गोटीराम नावाचा त्याच्याबरोबरचा सुपरवायझर शटरिंगच्या फळ्या मोजून घेत होता आणि सिताराम त्याच्याशी बोलत होता. गोटीराम मूळचा परभणीकडचा. त्याची बायकापोरं तिकडंच होती. नांदेडला तू जा, साहेबाला मी तुझं नाव सांगतो, असं सितारामने त्याला सांगितलं. गोटीरामने आनंदाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, ते लांबूनही दिसलं. पगार कमी होणार हे त्याला माहीत होतं. तरी त्याने हात सोडले नाहीत.

स्टँडवर गर्दी होती. बयाने भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता, तो रखमाने मांडीवर घेतला. तिला खिडकीची जागा मिळाली होती. सिताराम खिडकीखाली उभा राहिला. पोचल्यावर कुणाकडून तरी निरोप धाड, घरावरच्या पत्र्यांचं बघून घे, कंडक्टरला सांगितलंय, असलं काहीबाही तो बोलत राहिला. ती हं, हं म्हणत होती. मग बोलण्यासारखं संपलं. त्याने काहीतरी द्यायला खिशात हात घातला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तसाच बाहेर काढला.

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं तशी गाडी थरथरायला लागली.

"रखमा," सिताराम म्हणाला.

ती खिडकीतून वाकली. "काय?"

त्याचे ओठ हलले. पुढचं काही येईना. बयाला वाटलं, आता तो माफी मागेल, किंवा रडेल. त्याने खिडकीचा गज धरला.

"काही न्हाई," तो म्हणाला. "हाक मारली."

रखमा त्याच्याकडे बघत राहिली. गाडी मागे सरकायला लागली, तसा तो गज धरूनच चार पावलं बाजूने चालला आणि पुन्हा म्हणाला, "रखमा." या वेळी तिने काय म्हणून विचारलं नाही. तिने गजावरच्या त्याच्या बोटांवर एकदा आपला हात ठेवला आणि उचलून घेतला. मग त्यालाच हात सोडावा लागला. गाडी वळण घेऊन रस्त्याला लागली आणि धुळीत दिसेनाशी झाली, तरी तो स्टँडच्या मधोमध उभा होता, आणि मागून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगत होता.